खिळा, पट्टी आणि पाया : जॉपलिन शहराची पुनर्बांधणी

जॉपलिन हे अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले सुमारे ५०,००० वस्तीचे शहर. कॅन्सस आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या सीमा तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. १८७३ मध्ये वसलेले हे शहर शिसे आणि जस्त यांच्या खाणींवर वाढले. खाणी संपल्यावर रुग्णालये, मालवाहतूक आणि आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ यांवर ते तगून राहिले. २२ मे २०११ हा रविवार होता. जॉपलिन हायस्कूलचा पदवीदान समारंभ तिथल्या विद्यापीठाच्या सभागृहात नुकताच आटोपला होता आणि कुटुंबे घराकडे निघाली होती. संध्याकाळी ५ वाजून ३४ मिनिटांनी शहराच्या पश्चिम कडेजवळ टोर्नेडो जमिनीला टेकला. दाट वस्तीतून पूर्वेकडे सरकत गेलेल्या या वादळाचा एकूण मार्ग सुमारे ३५ किलोमीटरचा होता आणि काही ठिकाणी त्याची रुंदी दीड किलोमीटरच्या घरात गेली. मृतांची संख्या १६१ झाली, एक हजारांहून अधिक माणसे जखमी झाली. १९४७ नंतर अमेरिकेत एकाच टोर्नेडोने इतके बळी घेतले नव्हते.

टोर्नेडो आणि समुद्रावरून येणारे चक्रीवादळ यांची गल्लत होऊ नये. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि दोन-तीन दिवस आधी त्याची चाहूल लागते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, स्वतःभोवती फिरणारा हवेचा स्तंभ. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटरच असते आणि इशारा मिळतो तो मिनिटांच्या हिशेबाने. जॉपलिनला हवामान खात्याचा इशारा ५ वाजून १७ मिनिटांनी मिळाला होता. तीव्रता मोजणाऱ्या सुधारित फुजिता श्रेणीत हा टोर्नेडो सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर बसवला गेला. ताशी २०० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा, असा त्या पायरीचा अर्थ आहे.

केंद्र सरकारच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने पुढे तीन वर्षे या घटनेचा अभ्यास केला. तिच्या मोजणीनुसार ५५३ व्यावसायिक इमारती आणि सुमारे ७,५०० निवासी इमारती बाधित झाल्या. त्यांपैकी ३,००० हून अधिक घरे एकतर पूर्ण पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. बहुसंख्य मृत्यू इमारतींच्या आत झाले होते. जॉपलिनच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे. माणसे आसरा घ्यायला ज्या भिंतींआड गेली, त्याच भिंती त्यांच्यावर कोसळल्या होत्या. त्या भिंती बांधणारे सुतार, गवंडी आणि ठेकेदार त्याच गावचे होते, आणि गाव पुन्हा उभे करायचे कामही त्यांच्याकडेच येणार होते.

पहिल्या रात्री बांधकामवाल्यांचे काम बांधण्याचे नव्हतेच. रस्ते झाडांनी आणि छपरांनी बुजले होते, रुग्णवाहिकांना वाट नव्हती. ज्यांच्याकडे लोडर, छोटी खोदयंत्रे, साखळी-करवती आणि डंपर होते ते ठेकेदार कुणी बोलावण्याची वाट न पाहता ती यंत्रे घेऊन बाहेर पडले. ढिगाऱ्याखाली माणूस असताना यंत्र चालवणे ही नाजूक कामगिरी असते. कोणती तुळई आधी उचलली तर बाकीचा भार सरकेल हे ज्याने आयुष्यभर अशा तुळया बसवल्या त्याला लवकर कळते. अग्निशमन दलाकडे शिस्त आणि प्रशिक्षण होते. गावच्या कारागिरांकडे लाकडी घराच्या पोटाची माहिती होती. त्या रात्री दोन्ही लागले.

तेवढेच महत्त्वाचे, पण छायाचित्रांत न दिसणारे काम जमिनीखाली चालले होते. घर उडून गेले तरी त्याला पाणी देणारी नळी जमिनीतच राहते आणि तुटलेल्या तोंडातून वाहत राहते. हजारो घरांच्या नळ्या एकदम उघड्या पडल्यामुळे शहराच्या जलवाहिन्यांतला दाब उतरला. अग्निशमनाला पाणी नाही, आणि नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये अशी सूचना. उपाय एकच होता. ढिगाऱ्यांतून वाट काढत प्रत्येक घराची झडप शोधायची आणि हाताने बंद करायची. रस्त्यांच्या पाट्या उडालेल्या, घरांचे क्रमांक नाहीसे झालेले, ओळखीची झाडे आडवी. अशा ठिकाणी नकाशापेक्षा त्या गल्लीत पूर्वी काम केलेल्या नळकाऱ्याची आठवण अधिक कामाची ठरते. गॅसच्या वाहिन्यांची आणि विजेच्या खांबांची गोष्टही याच जातीची होती.

ढिगाऱ्यातल्या कामाचा एक धोका महाराष्ट्रातल्या वाचकाला २०२१ च्या अनुभवामुळे चटकन समजेल. जॉपलिनच्या जखमींपैकी १३ जणांना म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार झाला आणि त्यांतले ५ दगावले. करोनाच्या काळात ही बुरशी नाकावाटे शिरत होती. जॉपलिनमध्ये ती लाकडाच्या ढलप्या आणि माती यांच्याबरोबर थेट मांसात घुसली. उडालेली फळी हे वादळाचे शस्त्र असते आणि जखम शिवल्यावरही ते काम करत राहते.

ढिगारा हटवणे हा पुनर्बांधणीचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक टप्पा. एकूण राडारोडा सुमारे ३० लाख घनयार्ड, म्हणजे २३ लाख घनमीटरच्या आसपास होता. तो सरसकट उचलून खड्ड्यात टाकता येत नाही. लाकूड वेगळे, काँक्रीट वेगळे, फ्रिज आणि धुलाईयंत्रे वेगळी, रंग-रसायने वेगळी, जुन्या घरांतले अॅस्बेस्टॉस तर फारच जपून. एरवी खासगी आवारातला ढिगारा मालकाने स्वतः रस्त्याच्या कडेला आणायचा असतो. इथे मालकच बेघर होता. म्हणून केंद्राच्या आपत्ती यंत्रणेने सर्वाधिक बाधित पट्ट्यात खासगी जागेवरचा राडाही उचलण्याची मुभा दिली आणि खर्चाचा ९० टक्के भार उचलला. त्यासाठी ठरलेली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेरची मुदत पाळली गेली. लष्कराच्या अभियंता दलाचे कंत्राटदार, गावचे ट्रकवाले आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक असे तिघे मिळून हे काम झाले. स्वयंसेवकांची नोंद लाखावर गेली. त्यांना कोणत्या गल्लीत, कुठल्या हत्यारांसह पाठवायचे याची व्यवस्था अमेरिकॉर्प्स या राष्ट्रीय सेवादलाच्या तरुणांनी सांभाळली. ही व्यवस्था नसती तर इतकी माणसे मदतीऐवजी अडचण झाली असती. सदिच्छेला वेळापत्रक लागते.

जागा मोकळी झाल्यावर लगेच बांधायला सुरुवात करायची घाई प्रत्येकाला होती. नगरपालिकेने बाधित पट्ट्यात बांधकामावर थोड्या काळाची बंदी घातली आणि ढिगारा हटेल तसतशी ती भागाभागाने उठवली. त्याच वर्षी २७ एप्रिलला अलाबामातील टस्कालूसा या शहरालाही टोर्नेडोने झोडपले होते. तिथे आधी संपूर्ण नवा आराखडा, मग बांधकाम, असा मार्ग धरला गेला. दोन्ही शहरांची तुलना नंतर अनेकांनी केली आणि तिच्यात राजकीय मतभेदही मिसळले. एक गोष्ट मात्र त्या वादापलीकडची आहे. घर गेलेले कुटुंब दुसऱ्या गावी भाड्याने राहायला जाते, मुले तिथल्या शाळेत रुळतात, आणि वर्ष उलटले की परत येण्याची शक्यता घटते. जॉपलिनने हे ओळखले होते. बंदीचा काळ वाया गेला नाही. त्याच अवधीत एका तांत्रिक प्रश्नाचा निकाल लागायचा होता: जुन्याच पद्धतीने बांधायचे का?

या प्रश्नाचे गांभीर्य कळायला अमेरिकी घर कसे असते ते पाहावे लागते. अमेरिकेच्या मध्यभागातले सर्वसाधारण घर विटा-सिमेंटचे नसते. काँक्रीटच्या पायावर आडवी लाकडी पट्टी बोल्टने बसवतात. तिच्यावर दीड-दोन फुटांवर उभे लाकडी खांब, खांबांवर बाहेरून दाबलेल्या लाकडाचे तक्ते, माथ्यावर पुन्हा आडवी पट्टी, आणि त्या पट्टीवर छपराच्या त्रिकोणी कैच्या. हे सगळे खिळ्यांनी जोडलेले. अशा घराचे वजन कमी, बांधणी जलद आणि खर्च आवाक्यातला. वजन वरून खाली येते तोवर ते उत्तम काम करते, कारण प्रत्येक भाग खालच्या भागावर विसावलेला असतो. वादळात भार उलटा होतो. छपरावरून सुसाटणारा वारा त्याला वर ओढतो. गॅरेजचे रुंद, पातळ दार आत कोसळले की वारा घरात शिरतो आणि छपराला आतूनही ढकलतो. मग कैची आणि भिंत यांच्यामध्ये तिरके ठोकलेले दोन-तीन खिळे हेच काय ते बंधन उरते. खिळा आडव्या जोराला दाद देत नाही, पण ताणला की सरळ उपसून येतो. छप्पर गेले की भिंतींना माथ्याचा आधार राहत नाही. त्या बाहेर वा आत पडतात. पाहणीत ठिकठिकाणी तेच दिसले: घराचे लाकूड मोडलेले नव्हते, जोड सुटलेले होते.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जॉपलिन परिसरातल्या इमारतींसाठी नियमावलीतला वाऱ्याचा वेग ताशी ९० मैल होता. २०० मैलांचा वारा त्याच्या जवळजवळ पाचपट जोर लावतो. या आकड्यापुढे हात टेकण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे आणि टोर्नेडोच्या पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती. देवाच्या कोपापुढे कसला खिळा आणि कसला बोल्ट, अशी ती भावना. पण ती अर्धवट माहितीवर उभी होती. सर्वांत भीषण टोर्नेडोतही तो कमाल वेग अरुंद पट्ट्यातच असतो. मार्गाच्या कडेची बरीच घरे १०० ते १३५ मैलांच्या वाऱ्याला तोंड देतात. तिथे घर उभे राहणे किंवा पडणे हे खरोखरच काही डॉलर किमतीच्या लोखंडी पट्ट्यांवर ठरते.

जॉपलिनने २०११ मध्येच आपले निवासी बांधकामाचे नियम बदलले. कैची आणि भिंत यांच्या जोडाला केवळ खिळे चालणार नाहीत, तिथे जस्ताचा मुलामा दिलेली वाकवलेली पोलादी पट्टी हवी. समुद्रकिनाऱ्यावरच्या वादळप्रवण भागांत ही पट्टी आधीपासून वापरात होती. पायाच्या बोल्टांमधले प्रचलित कमाल अंतर सहा फूट होते, ते कमी करण्यात आले. या बदलांचा अर्थ एवढाच की छपरापासून पायापर्यंत एक अखंड साखळी असावी आणि वर ओढणारा जोर प्रत्येक कडीतून जमिनीत उतरावा. साखळीतली एक कडी कच्ची राहिली तर बाकीच्या पक्क्या कड्या निरुपयोगी ठरतात.

असे नियम कागदावर करणे सोपे असते, छपरावर चढून पाळणे वेगळे. इथे गावच्या बांधकाम समाजाचा खरा वाटा दिसतो. पट्टी योग्य जागी, सगळ्या भोकांत खिळे मारून बसवली आहे का, हे भिंती आतून झाकल्या गेल्यावर कुणालाच दिसत नाही. नगरपालिकेचा निरीक्षक ठरलेल्या टप्प्यांवर येतो, पण रोज छपरावर असतो तो सुतार. ज्याने स्वतः बांधलेले घर २२ मेच्या संध्याकाळी पाटीसारखे साफ झालेले पाहिले, त्याला त्या पट्टीचे कारण समजावून सांगावे लागत नव्हते. बाहेरून आलेला, काम संपवून पुढच्या वादळाकडे जाणारा ठेकेदार आणि त्याच गल्लीतून रोज जाणारा ठेकेदार यांच्यात कौशल्याचा फरक असेलच असे नाही. उत्तरदायित्वाचा मात्र असतो.

एक पाऊल जॉपलिनने उचलले नाही. प्रत्येक घरात तळघर किंवा सुरक्षित खोली सक्तीची केली गेली नाही. जॉपलिनच्या सुमारे ८२ टक्के घरांना तळघर नव्हते. जमिनीखाली थोड्याच खोलीवर खडक लागतो, पाण्याची पातळी वर आहे, आणि खोदाईचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही. मधला मार्ग सुरक्षित खोलीचा होता. घराच्या आत काँक्रीटची किंवा पोलादाची छोटी खोली, पायाला घट्ट बोल्ट केलेली. बाकीचे घर उडाले तरी ती राहावी असा हिशेब. ही कल्पना टेक्सस टेक विद्यापीठात घडली. त्या विद्यापीठाच्या लबक शहराला १९७० मध्ये टोर्नेडोने उद्ध्वस्त केले होते. खोलीची भिंत तपासण्याची पद्धत तिच्या कामाइतकीच रोखठोक आहे. सुमारे ६.८ किलो वजनाची लाकडी फळी तोफेसारख्या नळीतून ताशी १०० मैल वेगाने भिंतीवर मारतात. ती आरपार जाता कामा नये. सक्ती नसतानाही जॉपलिनच्या अनेक नव्या घरांत अशा खोल्या आल्या. ती मागणी ग्राहकांकडून आली आणि गावच्या बांधकाम व्यावसायिकांनी ती आराखड्यात सामावून घेतली. सक्ती न करणे योग्य होते का, यावर मतभेद राहतील. गरीब भाडेकरूच्या वाट्याला ऐच्छिक सुरक्षितता क्वचितच येते, ही हरकत वजनदार आहे.

मोठ्या इमारतींनी वेगळे धडे दिले. मोठ्या दुकानांच्या काही इमारतींत जमिनीवर आडव्या ओतून नंतर क्रेनने उभ्या केलेल्या काँक्रीटच्या प्रचंड भिंती होत्या. अशा भिंती स्वतःच्या बळावर उभ्या नसतात, पत्र्याचे हलके छप्पर त्यांना माथ्यावर धरून ठेवते. वाऱ्याने छप्पर उचलले आणि कित्येक टन वजनाची भिंत पत्त्यासारखी आडवी झाली. होम डिपो या साखळीचे दुकान असेच कोसळले. पुनर्बांधणीसाठी ज्या दुकानातून लाकूड, खिळे आणि पत्रे यायचे, तेच भुईसपाट झाले होते. कंपनीने तात्पुरत्या जागेत विक्री चालू केली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नवे दुकान उघडले.

सेंट जॉन्स रुग्णालयाचा अनुभव याच्या उलट होता. तिथे १८३ रुग्ण होते. पोलाद-काँक्रीटचा सांगाडा टिकला. नऊ मजली इमारत पायावरून काही इंच सरकली अशी अफवा पसरली होती, पण अभियंत्यांच्या तपासणीत तसे आढळले नाही. तरीही रुग्णालय म्हणून ती इमारत काही मिनिटांत संपली. खिडक्या फुटल्या, वारा आणि पाणी मजल्यामजल्यांतून घुसले, वीज गेली, आणि आणीबाणीचे जनित्रही निकामी झाले. कृत्रिम श्वासावर असलेले काही रुग्ण त्यामुळे दगावले. कर्मचाऱ्यांनी उरलेल्यांना अंधारात जिने उतरवून सुमारे दीड तासात बाहेर काढले. इमारत उभी राहणे आणि इमारतीचे काम चालू राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सांगाड्याने नव्हे तर काचेने आणि तारांनी दाखवून दिले. सपाट छपरांवर पसरलेली खडी वादळात बंदुकीच्या छऱ्यांसारखी काचांवर आदळते. म्हणून टोर्नेडोप्रवण भागात छपरावर अशी खडी नको, ही शिफारस राष्ट्रीय अभ्यासाने पुढे केली.

रुग्णालय चालवणाऱ्या मर्सी संस्थेने सुमारे २,२०० कर्मचाऱ्यांना कामावर ठेवले आणि एका आठवड्यात, २९ मे रोजी, तंबूत रुग्णालय सुरू केले. त्यानंतर तात्पुरत्या कक्षांचा टप्पा आला आणि एप्रिल २०१२ मध्ये कारखान्यात तयार केलेल्या खोल्या ट्रकवरून आणून जोडलेले रुग्णालय उभे राहिले. कायमची इमारत शहराच्या दक्षिणेस, महामार्गाजवळ २२ मार्च २०१५ रोजी उघडली. मॅकार्थी या बांधकाम कंपनीने ती बांधली. अतिदक्षता विभागाच्या खिडक्यांची काच ताशी २५० मैलांच्या वाऱ्याच्या हिशेबाने निवडली आहे, प्रत्येक मजल्यावर आसऱ्याच्या जागा आहेत, आणि वीज-पाण्याची यंत्रणा मुख्य इमारतीपासून दूर, अर्धवट जमिनीत गाडलेल्या स्वतंत्र इमारतीत असून भूमिगत बोगद्याने जोडलेली आहे. जनित्र निकामी झाल्याचा धडा त्या बोगद्यात उतरला आहे. जोडणीच्या रुग्णालयाची वास्तूही वाया गेली नाही. २०१७ पासून तिथे कॅन्सस सिटीच्या एका वैद्यकीय विद्यापीठाचा जॉपलिन परिसर आहे.

शाळांची कहाणी वेगाची आहे. ७ विद्यार्थी आणि १ कर्मचारी गेले होते. दहा शाळा-इमारती पडल्या वा मोडल्या होत्या. हायस्कूल पूर्ण गेले होते. शाळा-अधीक्षक सी. जे. हफ यांनी वादळानंतर काही दिवसांतच जाहीर केले की शाळा ठरल्या तारखेला, १७ ऑगस्टला उघडेल. हाती ८७ दिवस होते. अकरावी-बारावीसाठी नॉर्थपार्क मॉलमधले एक रिकामे दुकान घेतले. दुकानाला खिडक्या नसतात, पण मोठा मोकळा मजला, वाहनतळ आणि वातानुकूलन असते. स्थानिक आणि बाहेरच्या वास्तुविशारदांनी मिळून आराखडा काढला आणि बांधकाम करणाऱ्यांनी तो हातातला कागद पुरा होण्याआधीच अमलात आणायला घेतला. ५५ दिवसांत वर्ग, प्रयोगशाळा आणि वाचनालय तयार झाले. कसेबसे चालेल असे काही नको, मुलांना यावेसे वाटेल अशी शाळा हवी, हा आग्रह त्यात होता. १७ ऑगस्टला शाळा उघडली. पालकांच्या दृष्टीने ती तारीख म्हणजे शहरात राहायचे की नाही या प्रश्नाचे उत्तर होते. जुन्या शाळेच्या नावफलकावर वादळानंतर ओ आणि पी एवढीच दोन अक्षरे शिल्लक होती. कुणीतरी चिकटपट्टीने आणखी दोन अक्षरे जोडून तिथे आशा या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, आणि तो फलक जगभर पाहिला गेला.

कायमच्या शाळांसाठी एप्रिल २०१२ मध्ये नागरिकांनी ६ कोटी २० लाख डॉलरचे कर्जरोखे मतदानाने मंजूर केले, तेही अगदी थोड्या मतांच्या फरकाने. नवे हायस्कूल सप्टेंबर २०१४ मध्ये उघडले. नव्या शाळांत बांधलेल्या सुरक्षित खोल्या वादळाच्या वेळी आसपासच्या वस्तीलाही खुल्या असतात. त्यांची रचना व्यायामशाळेसारखी असल्याने त्या एरवीही रोज वापरात राहतात. वर्षातून एकदाही न उघडणारा आसरा ऐन वेळी कुलूपबंद सापडण्याची भीती असते, ती इथे नाही.

घरांच्या बाबतीत बरीचशी रक्कम खासगी विम्यातून आली. प्रश्न विमा नसलेल्यांचा, किंवा विमा अपुरा पडलेल्यांचा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने कनिंगहॅम पार्कजवळ सात दिवसांत सात घरे बांधली. कॅमेऱ्यासाठी केलेले काम म्हणून ते हिणवण्याजोगे नव्हते. गावातले कारागीर आणि हजारो स्वयंसेवक रात्रंदिवस राबले आणि उजाड पट्ट्याच्या मधोमध पहिल्यांदा दिवे लागले. पण सात घरांनी गाव उभे राहत नाही. त्यापुढचे काम वर्षानुवर्षे चालले. न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळानंतर सुरू झालेल्या सेंट बर्नार्ड प्रोजेक्टच्या धर्तीवर ‘रिबिल्ड जॉपलिन’ ही संस्था निघाली. कुशल कारागिराच्या देखरेखीखाली अकुशल स्वयंसेवक, टप्प्याटप्प्याने आखलेले काम आणि एका घरावर साहित्य थांबले तर चमू लगेच दुसऱ्या घराकडे, अशी तिची रीत. मेनोनाइट, कॅथलिक, बाप्टिस्ट आदी पंथांच्या सेवासंस्था आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी यांनीही घरे बांधली. चर्चच्या बसमधून आलेल्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातात हातोडा देऊन त्यांच्याकडून सरळ भिंत करून घेणे हे वेगळेच कसब आहे. गावच्या सुतारांनी ते शिकून घेतले.

अडचणीही होत्या. मिसूरीत सर्वसाधारण ठेकेदारांना राज्यपातळीवरचा परवाना लागत नाही. त्यामुळे वादळाच्या मागोमाग फिरणारे, आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होणारे लोक सहज शिरले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी अशांवर खटले भरले. तरी अशा वेळी खरा आधार म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेले खात्रीचे नाव. मोठ्या पातळीवरचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. नगरपालिकेने २०१२ मध्ये टेक्ससच्या एका कंपनीला संपूर्ण पुनर्विकासाची सूत्रे दिली. मोठमोठ्या प्रकल्पांची यादी झाली, आणि जानेवारी २०१५ मध्ये तो करार मोडीत निघाला. नागरिकांच्या सल्लागार समितीने २०११ च्या अखेरीस लोकांच्या मागण्या ऐकून केलेला आराखडा मात्र तुकड्या-तुकड्यांनी अमलात येत राहिला. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने दिलेल्या सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरच्या अनुदानाचा काही भाग बाधित पट्ट्यात घर घेऊ पाहणाऱ्यांच्या पहिल्या हप्त्यासाठी वापरला गेला. नवे सार्वजनिक वाचनालय २०१७ मध्ये उघडले.

जमिनीनेही जुने हिशेब वर काढले. खाणींच्या काळात उरलेली शिसेयुक्त खडी शहरभर भराव म्हणून वापरली गेली होती. झाडे मुळांसकट उपटली गेली, पाये उखडले, तशी ती माती उघडी पडली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. त्यामुळे आवारांतल्या मातीची तपासणी आणि दूषित माती काढून नवी टाकणे हे काम घरबांधणीच्या जोडीने चालवावे लागले. पाया घालण्यापूर्वी माती तपासण्याची सवय गवंड्यांना तेव्हापासून लागली.

जॉपलिनमध्ये जे उमगले ते शहराबाहेरही गेले. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील मूर शहरात फुजिता श्रेणीच्या याच पाचव्या पायरीचा टोर्नेडो आला, २४ माणसे गेली, त्यात प्लाझा टॉवर्स शाळेतली ७ मुले होती. मूरने २०१४ मध्ये घरांसाठी ताशी १३५ मैलांच्या वाऱ्याचा निकष सक्तीचा केला. टोर्नेडो डोळ्यांसमोर ठेवून असा नियम करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर ठरले. ९० वरून १३५ म्हणजे जोराच्या हिशेबाने सव्वादोनपट. जॉपलिनवरचा राष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये आला, त्यात १६ शिफारशी होत्या. रुग्णालये, शाळा आणि अग्निशमन केंद्रे यांसारख्या महत्त्वाच्या इमारतींची रचना करताना टोर्नेडोच्या वाऱ्याचाही हिशेब धरावा, ही त्यांतली मुख्य. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्स संस्थेच्या २०२२ च्या भार-मानकात टोर्नेडोसाठी प्रथमच स्वतंत्र प्रकरण आले. तोवर अभियंते हा भार हिशेबाबाहेर ठेवत असत, कारण एका विशिष्ट इमारतीवर टोर्नेडो येण्याची शक्यता अत्यल्प मानली जाई. सामान्य घरांना हे प्रकरण लागू नाही. त्यांच्यासाठी जॉपलिन आणि मूर यांच्यासारख्या शहरांचे स्वतःचे नियमच काय ते आहेत.

२०२० च्या जनगणनेत जॉपलिनची लोकसंख्या ५१,७६२ भरली, वादळापूर्वीपेक्षा थोडी अधिक. कनिंगहॅम पार्कमध्ये मृतांच्या संख्येइतकी, १६१ झाडे लावली आहेत. तिथल्या फुलपाखरांच्या बागेत, जिथे घरे होती त्या जागी, भिंती आणि छप्पर नसलेल्या घरांच्या नुसत्या बाह्यरेषा उभ्या आहेत. भोवतीच्या गल्ल्यांतली झाडे अजून लहान आहेत, आणि त्यांच्या मागच्या घरांत प्रत्येक कैचीखाली, आता कुणालाही न दिसणारी, एक वाकवलेली पोलादी पट्टी आहे.